सारखंच चुकणारे चिमटे

विक्रेत्याचं पत्र येऊन बरेच दिवस झाले होते आणि पुरुषोत्तमरावांनी त्याला अजून उत्तर दिलं नव्हतं. पत्र म्हणजे ईमेलच, तीही त्रोटक. 'प्रिय मित्रा, आमच्या करंट प्रोबवर तू खूश आहेस ना? नसशील तर शनिवारपर्यंत कळव, पैसे परत.' दुसरा कुणी 'नाही' लिहून मोकळा झाला असता. पुरुषोत्तमरावांची मात्र पंचाईत झाली होती. ज्यानं आपल्याला मित्र म्हटलं, त्याला पहिल्याच पत्रात 'तुझा माल भिकार आहे' असं कसं लिहायचं? शिवाय भिकार माल आहे की आपण, हेही त्यांचं ठरत नव्हतं.

प्रकरण सुरू झालं होतं मिक्सरवरून. नागपूरहून अमेरिकेत चँडलरला मुलाकडे कायमचं राहायला येताना सुमित्राबाईंनी स्वतःच्या साड्या कमी करून बॅगेत मिक्सर घातला होता. इथल्या विजेचा दाब निम्मा, म्हणून त्याच्या जोडीला विटेसारखा जड ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागला. एवढं करून तो मिक्सर सुरू झाला की कधीकधी स्वयंपाकघराचा ब्रेकर पडायचा. वाय-फायही त्याच लाइनवर. आणि कसं कोण जाणे, सून आश्लेषा घरून काम करत असली की हमखास पडायचा.

"आई, मी क्लायंटसमोर बोलता बोलता फ्रीझ झाले! तोंड उघडं, डोळे अर्धे मिटलेले!"

"बघणाऱ्यांना वाटलं असेल, विचार करतेय."

"जोक नाही हं. शनिवारी डोनेशनची व्हॅन येतेय, त्यात मिक्सर देऊन टाकू. मी तुम्हाला इथला मस्त ब्लेंडर ऑर्डर करते."

"त्यात स्मूदी होते गं. गोडा मसाला होत नाही."

तेव्हा सुमित्राबाई हसल्या खऱ्या, पण खोलीत आल्यावर पलंगाच्या कडेला बसून म्हणाल्या, "अहो, तो मिक्सर गेला तर या घरात माझं म्हणून काय राहिलं?"

पुरुषोत्तमरावांनी उभा जन्म नागपूरच्या एका कारखान्याच्या चाचणी विभागात काढला होता. दुसऱ्यांची मापं त्यांनी निर्धास्तपणे तपासली, स्वतःच्या मापावर मात्र कधी विश्वास ठेवला नाही. पण त्या दिवशी त्यांनी जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं, "दोष मिक्सरचा आहे की नाही, हे मोजल्याशिवाय ठरवायचं नाही." मग स्वतःच्याच आवाजाला दचकून त्यांनी आणखी थोडा भात वाढून घेतला.

विजेची लाट पडद्यावर काढून दाखवणारा एक जुना ऑसिलोस्कोप त्यांच्यापाशी होता. हवा होता फक्त करंट प्रोब, म्हणजे तारेला बाहेरून धरून प्रवाह मोजणारा चिमटा. नामांकित कंपनीच्या चिमट्याची किंमत पाहून त्यांनी चष्मा पुसला आणि परत पाहिली. मग टॉर्बिको नावाचा एक स्वस्त चिमटा मागवला.

चिमटा आला, जोडला, आणि कुठल्याही तारेला न लावताच पडद्यावर छान लाट उमटली.

"वा, दिसतोय की करंट!" सुमित्राबाई म्हणाल्या.

"हो, पण तार कुठाय?"

"मग कशाचा दाखवतोय?"

"तेच कळत नाहीये. बहुतेक माझंच काहीतरी चुकतंय."

चूक आपली की चिमट्याची, हे ठरवायला त्यांनी दुसऱ्या कंपनीचा चिमटा मागवला. हायमर्ट नाव, निळा रंग, तोही स्वस्तच. त्यानंही तार नसताना लाट दाखवली, तेवढीच आणि तशीच. पुरुषोत्तमराव खचले. दोन स्वतंत्र कंपन्या एकच सांगतात, म्हणजे चुकणारा तिसराच कुणीतरी असणार, आणि खोलीत तिसरे तेच होते.

शेवटी शुक्रवारी दुपारी शेजारचा यतीन आला. तो इथल्या चिपच्या कारखान्यात इंजिनिअर होता आणि काकूंच्या हातच्या चहासाठी कुठलीही मीटिंग कॅन्सल करायचा. त्यानं दोन्ही चिमट्यांची माहितीपत्रकं शेजारी शेजारी ठेवली.

"काका, हे वाचलंत? 'आपलं जेवण चिमट्याच्या जबड्यापासून दूर ठेवा.'"

"हो. मला वाटलं, तिकडे कामाच्या टेबलावर जेवत असतील."

"अहो, 'फिंगर'च्या जागी 'डिनर' छापलंय! आणि दोन्हीकडे तीच मिस्टेक!" यतीननं निळ्या चिमट्यावरचं हायमर्टचं स्टिकर नखानं उचललं. खाली टॉर्बिको निघालं. टॉर्बिकोखाली आणखी एक नाव होतं, तेही अर्धवट खरवडलेलं. "काका, एकच फॅक्टरी, एकच माल. तुम्ही जुळ्या भावांची साक्ष घेतलीत यार! दोन्ही रिटर्न करा. उद्या लास्ट डेट आहे."

"उद्याच व्हॅन येतेय," पुरुषोत्तमराव पुटपुटले.

मसाल्यासाठी भाजलेलं खोबरं मिक्सरच्या भांड्यात भरता भरता सुमित्राबाई म्हणाल्या, "मला आधीच विचारलं असतंत तर! दोन जावा सासूबद्दल सारखंच सांगतात, म्हणून ते खरं असतं होय?"

दारातून आत येणारी आश्लेषा थबकली. "आई, मला एकही जाऊ नाहीये."

"म्हणून तर बोलले."

यतीन हसला. पुरुषोत्तमराव मात्र हसले नाहीत. ते दोन्ही चिमट्यांकडे बघत राहिले. "सारखंच," ते हळूच म्हणाले. "अरे, दोघं सारखंच खोटं बोलतायत. म्हणजे एकातून दुसरं वजा केलं तर..."

"तर खोटं कॅन्सल!" यतीन उठलाच.

"आणि एक चिमटा उलटा लावला, तर खरं दुप्पट."

ऑसिलोस्कोपवर वजाबाकीचं बटण होतं. ते दाबल्यावर पडद्यावरची लाट विरघळली आणि रेघ शून्यावर जाऊन निजली. चिमटा एकाच तारेला धरता यावा म्हणून ट्रान्सफॉर्मरसाठी पुरुषोत्तमरावांनी एक तार सुटी काढलेलं छोटं एक्स्टेन्शन केलंच होतं. त्या तारेला त्यांनी दोन्ही चिमटे लावले, एक सुलट आणि एक उलट.

"करा सुरू," ते म्हणाले. सुमित्राबाईंनी डोळे मिटून बटण फिरवलं.

मिक्सर गुरगुरला. खोबऱ्याचा वास पसरला. पडद्यावर लाट उमटली आणि पुरुषोत्तमरावांनी तिची उंची मोजून निम्मी केली आणि ती यतीनकडून तीनदा तपासून घेतली. "सात अँपिअर. ब्रेकर वीसचा. मिक्सर निर्दोष आहे."

तेवढ्यात खट् आवाज झाला आणि स्वयंपाकघरातलं सगळं बंद पडलं.

"निर्दोष?" आश्लेषा म्हणाली.

"सातच घेत होता गं. मी बघत होतो ना," पुरुषोत्तमरावांचा आवाज लगेच अर्धा झाला. "पण माझंच काही..."

"नाही काका, रीडिंग करेक्ट आहे," यतीन म्हणाला. "मग बाकीचा करंट कोण घेतंय?"

ओट्याच्या कोपऱ्यातून भाजलेल्या रताळ्याचा वास आला. चौघांनी तिकडे पाहिलं. आश्लेषाचा एअर फ्रायर. घरून काम असलं की ती दुपारी त्यात रताळी टाकून वर मीटिंगला जायची.

"ओह," आश्लेषा म्हणाली.

"असू दे गं," सुमित्राबाई अत्यंत प्रेमळपणे म्हणाल्या. "त्याला काय व्हॅनमध्ये घालायचंय? लांबच्या प्लगला लाव."

शनिवारी व्हॅन जुनी खुर्ची आणि लहान झालेले कपडे घेऊन गेली. स्वयंपाकघरात मिक्सर गुरगुरत होता, गराजच्या प्लगवर रताळी भाजत होती आणि वर आश्लेषाची मीटिंग अखंड चालू होती. यतीन डबाभर गोडा मसाला न्यायला आला तेव्हा पुरुषोत्तमराव लॅपटॉपसमोर बसले होते.

"काका, लिहिलंत का त्याला? आज लास्ट डे आहे."

"लिहिलंय. जरा बघ, उद्धट तर नाही ना वाटत?"

यतीन वाचू लागला. 'प्रिय मित्रा, उत्तराला उशीर झाला, क्षमस्व. तुझा चिमटा चुकीचं दाखवतो. परंतु तुझाच दुसऱ्या नावाचा चिमटाही तंतोतंत तेवढंच चुकीचं दाखवतो, त्यामुळे दोन्ही मिळून अगदी बरोबर दाखवतात. पैसे परत नकोत. फक्त एक विनंती आहे. कृपया यांच्यात सुधारणा करू नये. करायचीच झाली तर दोघांत एकदम करावी.'

"काका, ही कम्प्लेंट आहे की थँक यू?"

पुरुषोत्तमरावांनी पत्र पुन्हा एकदा वाचलं. "ते त्याचं त्याला ठरवू दे," ते म्हणाले, आणि बोट मागे घ्यायचा विचार मनात यायच्या आत त्यांनी पत्र पाठवून दिलं.