प्रोसेसरसाठी स्थळ पाहिजे

बाळारामकाका कुठलीही वस्तू विकत घेत नाही, तिचं स्थळ बघतो. शेतावर पंप घ्यायला गेला तेव्हा दुकानदाराला पहिला प्रश्न, "आधी कुठं दिलेला का?" मिक्सर घेताना, "स्वभाव कसा हाय? आवाज चढवतो का?" दुकानदार बिचारा वॉरंटी सांगत बसतो आणि काका घराणं विचारत बसतो.

सवयच तशी. काका आमचा शेजारी. भिवपुरीच्या अलीकडे आमचं गाव. काका पावसाळ्यात भात लावतो आणि उन्हाळ्यात लग्नं. आमच्या बौद्धवाडीतली निम्मी जोडपी त्यानेच जुळवलेली. एक डोळा बारीक करायचा, खालचा ओठ पुढे काढायचा आणि विचारायचं, "मान्सं कशी हायत?" की झाला काका. ही नक्कल मी हळदीत करतो तेव्हा लोक लोळतात. काका स्वतः पहिल्या खुर्चीवर बसून बघतो आणि मध्येच चूक काढतो. "डावा डोळा बारीक करतो मी, येड्या. उजवा नाय."

तर या माणसाला यंदा कॉम्प्युटरचा मदरबोर्ड घ्यायचा होता.

त्याची मुलगी रोहिणीताई वर्षभर माहेरी आहे. का, ते वाडीत तिला कोणी विचारत नाही, म्हणजे सगळे एकमेकांना विचारतात. येताना ती टेंपोत कपड्यांची बॅग आणि कॉम्प्युटर घेऊन आली. शेलूला नव्या इमारती होतायत, त्यांची बांधायच्या आधीच चित्रं आणि फिल्म करून द्यायचं काम ती करते. नुसता खड्डा असतो, पण ताईच्या फिल्ममध्ये चौथ्या मजल्यावर तुळस डोलत असते.

आता एका बिल्डरने दिवाळीच्या आत मोठी फिल्म मागितली होती. आणि कॉम्प्युटर अर्ध्यात तापून बंद पडायचा. काकाच्या थोरल्या भावाने ओट्यावर बसून निकालच दिला होता. एवढं काम झालं तर पोरगी राहू दे इथं, ऑफिस काढू दे. नाही झालं तर खेळ पुरे, मुकाट नांदायला धाडा.

ताईने बापाला समजावलं. प्रोसेसर चांगला आहे, चार कोअरचा आहे, कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त पळू शकतो. त्याला ओव्हरक्लॉक म्हणतात. पण बोर्ड हलका आहे. तो धड वीज पुरवत नाही, वेग वाढवू देत नाही आणि स्वतःच तापतो.

काकाने सगळं ऐकलं, डोळा बारीक केला. डावा.

"म्हंजी पोरगा कर्तबगार हाय, घर बदलायचं."

झालं. काकाने कंबर कसली. त्याची स्कूटर, मागे मी, कारण गावात मोबाइल दुरुस्त करणारा मी एकटा. म्हणजे काकाच्या हिशेबाने मी मुलाकडचा जाणता माणूस. वाटेत मी त्याला सांगितलं की आधी सॉकेट बघायचं, म्हणजे प्रोसेसर बोर्डवर बसतो ती जागा. ती जुळली नाही तर पुढे बोलायचंच नाही.

"आपल्यात पत्रिका बघत नाय," काका म्हणाला. "पण सॉकेट बघू."

कर्जतच्या दुकानात सॉकेट जुळलं, पण त्या बोर्डवर वेग वाढवायची सोयच बंद होती. मी तसं सांगितल्यावर काका उठलाच. सासू कडक आहे म्हणाला, घरातला पंखासुद्धा तिला विचारून लावायचा, नको. दुकानदार चहा मागवत होता. काकाने चहाही नाकारला. स्थळ नापसंत असलं की तो चहा घेत नाही.

खोपोलीच्या दुकानातला बोर्ड दिसायला फक्कड होता. लाल-निळ्या बत्त्या, काळी काच, नवरीसारखा सजलेला. काका क्षणभर पाघळला. मग त्याने ताईचा शब्द आठवून विचारलं, प्रोसेसरला वीज नीट करून देणारे भाग किती? दुकानदाराला कळेना. तेव्हा काकाने सोपं केलं. "घरात कमावती मान्सं किती?" दुकानदाराने चार दाखवली. त्यांच्यावर गरमी ओढून घेणारी पट्टीसुद्धा नव्हती. चार माणसं भर उन्हात राबतायत आणि डोक्यावर छत्री नाही, बत्त्या मात्र मांडवाला लागाव्या तेवढ्या, असं म्हणून काका बाहेर.

आमच्या प्रोसेसरला बसेल असा नवा चांगला बोर्ड मिळेना. मी म्हटलं, जुना बघू, वापरलेला. "दुसरेपणाचा चालेल ना काका?" आम्ही तेव्हा त्याच्या अंगणात होतो. आत ताई भाकऱ्या करत होती. काका उगाचच मोठ्याने म्हणाला, "चालंल की. दुसरेपणात काय वायट असतंय?" मग हळूच, "पयल्या घरी काय झालं, तेवढं कळू दे."

वापरलेला बोर्ड सापडला मोहोपाड्याला, एका कारखान्याच्या स्टाफ कॉलनीत. विकणारे देसाईसाहेब, इंजिनिअर. यावेळी ताईही आली, प्रोसेसर डबीत घालून आणि फिल्मची डिस्क घेऊन. काका पांढरा शर्ट घालून आला होता. सोफ्यावर बसल्या बसल्या त्याने बोर्ड का काढताय, आजवर कधी रुसलाय का, सगळं विचारलं. कमावती माणसं आठ निघाली. सगळ्यांच्या डोक्यावर जाडजूड छत्री. सॉकेट जुळलं. सासूबाई एकदम मोकळ्या, हवं ते बदला. देसाई वहिनींनी चहा आणला आणि काकाने कप उचलला तेव्हा मी ताईला कोपर मारलं.

"आता जरा चालवून दाखवा," काका म्हणाला.

देसाईसाहेबांनी प्रोसेसर बसवला, वर पंखा लावला, वेग वाढवला. ताईने फिल्म सुरू केली. इमारत दोन मजले चढली आणि स्क्रीनवरचा गरमीचा आकडा भराभर वर गेला. मशीन बंद.

परत लावलं. परत बंद.

देसाईसाहेबांनी चष्मा काढून पुसला. बोर्ड उत्तम आहे म्हणाले, या बोर्डवर त्यांनी वर्षानुवर्षं काम केलंय. "दोष तुमच्या प्रोसेसरचा. मुळातच तापट आहे तो. वेग वाढवायचा नाद सोडा, उलट कमी करा. थोडं ॲडजस्ट करायला लावा, म्हणजे कुठेही नांदेल."

ते हसले. काकाच्याच भाषेत गंमत केली होती बिचाऱ्यांनी. मीही हसणार होतो.

काकाने कप खाली ठेवला.

"तापट नाय ती."

देसाईसाहेब म्हणाले, "कोण?"

"तवा बी सगळे हेच म्हणले. पोरगी तापट हाय, जरा ॲडजस्ट कर. मी बी म्हणलो. दोनदा परत नेऊन सोडली मी तिला." काका देसाईसाहेबांकडे बघत नव्हता, बोर्डाकडे बघत होता. "गावाची घरं बघतो मी. तिचं घर बघायला गेलो तवा चहा पिऊन आलो नुसता."

वहिनी ट्रे घेऊन दारात थांबल्या. ताई मान खाली घालून स्क्रू काढत होती. तिने पंखा उचलला, खालचा भाग उजेडात धरला.

"बाबा, पंखा आन् प्रोसेसरच्या मधली जुनी पेस्ट तशीच हाय. वाळलेली. गरमी वर जायला वाटच नाय."

कापूस मागून तिने सगळं खरवडून पुसलं. पिशवीतून नवी पेस्ट काढून मुगाएवढी लावली. पंखा बसवला. वेग मघाशी होता त्याच्या वर नेला.

इमारत चढायला लागली. दोन मजले. चार. गॅलरीतली तुळस आली. आकडा थोडा वर गेला आणि तिथेच थांबला. ताई खुर्ची ओढून बसली. तिला आता आम्ही कोणी दिसत नव्हतो.

काका तिच्या मागे जाऊन उभा राहिला. इमारत तो बघतच नव्हता. त्याने वाकून पंख्याशेजारच्या पट्टीला उलटा हात लावला, पोरांचा ताप बघतात तसा.

"बरं हाय," तो म्हणाला.

आणि हात बराच वेळ तिथेच ठेवला.