फोल्डर कोणी धरून ठेवलाय?

ग्रंथालयाचा आराखडा चारच्या आत स्पर्धेला पाठवायचा होता, आणि तो सर्व्हरवरून हलायला तयार नव्हता. फिनलंडमधल्या ओउलू शहरातल्या हिल्काच्या त्या छोट्या आर्किटेक्ट कचेरीला वर्षभर मोठं काम मिळालं नव्हतं. ही संधी हुकली तर कचेरीला टाळंच लागणार होतं.

"तुओमो, सर्व्हर मेलाय का तुझा?" हिल्काने दारातूनच विचारलं.

"मेला नाही गं. फाइलींचे तुकडे वाटेत गळतायत." कचेरीचे संगणक सांभाळणाऱ्या तुओमोचा चेहरा पडला होता. फाइलींची ने-आण त्याने यूडीपीवर ठेवली होती. म्हणजे तुकडे भराभर फेकायचे, पोचले का ते विचारत बसायचं नाही. नवा वेगवान सर्व्हर आल्यावर जुन्या नेटवर्कला तो मारा झेपेना. एक तुकडा गळला की अख्खा गठ्ठा पुन्हा.

"मी तेव्हाच म्हटलं होतं, टीसीपी घे," ज्येष्ठ आर्किटेक्ट सानेल्मा म्हणाली. "ते पोच घेतं, झेपेल तेवढंच पाठवतं."

"ते वेळ खातं असं वाटलं मला."

"आणि हे काय खातंय? आमचं डोकं."

पद्धत बदलायची तर सगळ्यांच्या कामाचा सामायिक फोल्डर आधी सर्व्हरपासून सोडवायला हवा, आणि त्यासाठी सगळ्यांनी त्यातून बाहेर पडायला हवं. तुओमोने तसा निरोप धाडला. कोणाचंच उत्तर आलं नाही. आम्हा फिन लोकांत कोणी काही बोललं नाही म्हणजे सगळं ठीक. पण तो सोडवायला गेल्यावर संगणक म्हणाला, फोल्डर वापरात आहे.

तुओमो खोल्याखोल्यांतून फिरला. "बाहेर पडलास? नक्की?" सगळ्यांनी माना डोलावल्या. संगणकाचं उत्तर तेच.

"कोणीतरी धडधडीत खोटं बोलतंय," तो कडाडला.

"संगणकालाच विचार ना, कोणी धरलंय ते," सानेल्मा म्हणाली. हुकमाची साधी एक ओळ लिहायची होती. रागाच्या भरात त्याला ती सुचलीच नव्हती. त्याने लिहिली.

पडद्यावर एकच नाव आलं: तुओमो. पडद्यावरच मागे उघड्या राहिलेल्या एका खिडकीत तो स्वतःच त्या फोल्डरात ठाण मांडून बसला होता.

कानापर्यंत लाल होऊन तो फोल्डरातून बाहेर पडला, तो सोडवला, टीसीपीवर पुन्हा जोडला. आराखडा चारच्या आधीच सुळकन गेला. हिल्काने खुर्चीत अंग टाकलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. सुटलो, असं सगळ्यांनाच वाटलं.

तुओमो बोलणी खायच्या तयारीने उभा राहिला. हिल्काने त्याच्यापुढे कॉफी सरकवली.

"खरं सांगू? इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा तू काही विचारायला माझ्या खोलीत आलास."

तुओमोने कॉफीचा एक घोट घेतला.

"खिडकी छान आहे तुझी," तो म्हणाला.