मुक्तामावशीचं सोळा किलोचं कुलूप

गंगाखेडात माझी जिम आहे, आणि तिथे साठीची मुक्तामावशी काष्टा घालून एका पायावर उभी राहते. दुसरा पाय मागे, कंबरेतून वाकून सोळा किलोचा केटलबेल, म्हणजे वर कडी असलेला लोखंडी गोळा, उचलायचा आणि सरळ व्हायचं. केटलबेलला ती कुलूप म्हणते. दिसतो तसाच, मी तरी काय बोलणार.

पहिल्या दिवशी मी तिला हाकललंच होतं. म्हटलं, "मावशी, इथं बायका येत न्हाईत."

"मग मी कोन हाय? म्हैस?" म्हणत ती चपला काढून आत आली.

तिला काहीही करून यंदा ऊसतोडीला जायचं होतं. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढताना सगळा भार पाळीपाळीनं एकेका पायावर येतो. दोन वर्षांपूर्वी ती त्याच फळीवरून पडली, उजवा पाय अधू झाला. गेल्या हंगामात टोळीचा मुकादम तिला गावातच ठेवून गेला. यंदाही त्यानं ऐकवलं होतं, "नवरा-बायको मिळून एक कोयता. तू एकटी, म्हंजे अर्धा कोयता. त्यात पाय लटपटायलाय. घरी बस, म्हातारे."

मी सोपे व्यायाम दाखवले, तर म्हणे, "दोन पायावर तं कोंबडी बी हुबी ऱ्हाती." तोल गेला म्हणून हात पुढे केला, तर माझ्यावरच डाफरली, "फळीवर तू येनार हायेस का, मास्तर?" दर उचलीला मुकादमाच्या नावानं एक नवी शिवी. पोरं गाणी बंद करून ऐकायची. माझ्या जिमची पार अब्रू गेली.

दसरा झाल्यावर तिनं मुकादमाला निरोप धाडून जिमवरच बोलावलं. त्याच्यासमोर दोन्ही पायांवर दहा-दहा वेळा कुलूप उचललं. मागचा अंगठासुद्धा टेकू दिला नाही.

मुकादम मान डोलावत म्हणाला, "पाय लय भारी झाला. पर पोरगं पुन्याहून पैसे धाडतंय की. कशाला मरायला येतीस?"

आता हा शिव्या खाणार, असं मला वाटलं. मावशीनं केटलबेल हळूच खाली ठेवला.

"अर्धा म्हन, पाव म्हन, पर मला मानसांत ने बाबा. मागल्या साली समदी वस्ती तोडीला गेली. पाच म्हैने मला कुनी नावानं हाक मारली न्हाई."

मुकादम दाराकडे निघाला आणि उंबऱ्यावरून मागे वळला.

"सोमवारी सकाळी ट्रॅक्टर येतंय," तो म्हणाला. "तयार ऱ्हा, मुक्तामावशे."