ठोका चुकल्याबाबत

आवक-जावक कारकुनाच्या हृदयाचा ठोका मधूनच चुकतो, असं निदान करून डॉक्टरांनी पंधरा दिवसांची विश्रांती लिहून दिली. नाही घेतलीत तर एखाद्या दिवशी खुर्चीतच आटोपाल, असंही सांगितलं, पण तोंडी. तोंडी सांगितलेलं कार्यालय मानत नाही. रजेच्या अर्जासोबत हृदयाचा आलेख जोडणं बंधनकारक होतं.

आलेख काढणाऱ्या बाई म्हणाल्या, "काका, अगदी निवांत पडा." काका बारा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच निवांत पडले. आलेख आला तो कित्ता गिरवल्यासारखा देखणा. अर्ज नामंजूर.

"साहेब, पलंगावर नाही चुकत तो. तुमच्यापुढे उभं राहिलं की चुकतो."

"मग माझ्यापुढेच काढा. हवेत आरोप नकोत."

यंत्र साहेबांच्या खोलीत आलं. कारकून उघडाबंब, छातीला तारा. साहेबांनी एवढंच विचारलं, "मागच्या महिन्याचा अहवाल कुठाय?" कागदावरची रेघ अशी उधळली की बाईंनी आधी खुर्ची पुढे सरकवली.

"नाटकं आहेत! अशी कुणाचीही येते. माझी काढा, दाखवतो."

साहेबांना तारा लावल्या आणि नेमका वरच्या कार्यालयाचा फोन वाजला. साहेब उठून उभे राहिले. रेघही उठली, आणि कारकुनाच्या रेघेच्या वरताण नाचली.

"अगंबाई! साहेब, तुम्ही आजच दवाखान्यात—"

"काय म्हटलं होतं मी?" साहेब विजयाने म्हणाले. "कुणाचीही येते!"

मग रीतसर कार्यालयातल्या अठराही जणांचे आलेख निघाले, प्रत्येकाचा आपापल्या वरिष्ठासमोर. सतरा उधळलेले. संध्याकाळी परिपत्रक निघालं : 'सबब, उधळलेली रेघ हीच या कार्यालयाची प्रमाण रेघ समजण्यात यावी.' अठरावी रेघ अभिलेख कक्षातल्या बाईंची. त्या काम संपवून साडेपाचला घरी जात आणि कुणाला भीत नसत. त्यांना कारणे दाखवा नोटीस गेली : 'आपणांस कामाचे गांभीर्य नसल्याचे आढळून आले आहे.'

कारकुनाचा आलेख आता प्रमाणात बसत असल्याने अर्ज पुन्हा नामंजूर झाला. तो साहेबांच्या टेबलाला धरून उभा राहिला.

"साहेब, मी मेलो तर?"

"मेलात तर रेघ सरळ येईल. प्रमाणाबाहेर गेली की रजा देऊ, त्यात काय!"

खोलीतले सगळे खदखदून हसले. कारकून सगळ्यांत मोठ्याने हसला, कारण विनोद साहेबांचा होता.

हसलात ना तुम्हीही? मग तुमची रेघ प्रमाणात आहे. उद्या वेळेवर या.