न पडलेल्या मावशीचं सतरा वेळा पडणं

साहेब, माझ्या मावशीला तुम्ही पाडलंत. फरशीने नाही, बाथरूमने नाही, जिन्याने तर नाहीच नाही. ती तिघंही निर्दोष आहेत, मी चौकशी केली आहे. मावशी चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, दुसऱ्या मजल्यावर एकटी राहते, लोकांचे कपडे शिवते आणि आजवर कधी पडलेली नाही. तुमच्या दप्तरात मात्र ती सतरा वेळा पडली आहे. अजून तीन वेळा पडली की तिच्या घराला कुलूप लागेल. म्हणून हे लिहितो आहे. तुम्ही शांतपणे वाचा, मी शांतपणे लिहिणार नाही.

सुरुवात चांगली होती हे कबूल करतो. सुरुवात वाईट असती तर कोण कशाला फसलं असतं? बारा आठवड्यांचा वर्ग होता, खऱ्या हॉलमध्ये, खऱ्या खुर्च्यांवर. हात न टेकता उठायचं, टाचेला अंगठा लावून सरळ रेघेवर चालायचं, ओट्याला धरून एका पायावर उभं राहायचं, घरातली सुटी पायपुसणी उचलून टाकायची. मावशीने सगळं मनावर घेतलं. वर्ग संपला तेव्हा ती एका पायावर उभी राहून सुईत दोरा ओवायची.

मग तुमच्या कार्यालयात कुणाला तरी वाटलं की वर्ग संपला तशी सवयही संपेल. त्यातून ‘ज्येष्ठ नागरिक पतनप्रतिबंध सवय-सातत्य ऑनलाइन साहाय्य कक्ष’ जन्माला आला. यापुढे मी त्याला नुसतं ‘कक्ष’ म्हणतो. पूर्ण नाव घेताना दम लागतो, आणि दम लागला की तोल जातो, असं कक्षाच्याच पत्रकात छापलंय.

मावशीचा अर्ज मीच भरला. ‘जवळची व्यक्ती’ या चौकटीत माझं नाव घातलं आणि ‘सर्व अटी वाचल्या आहेत’ यावर टिचकी मारली. अटी मी वाचल्या नव्हत्या. तुम्हीही वाचल्या नसाव्यात, तुम्ही तर त्या फक्त लिहिल्यात.

रोज सकाळी आठला फोनवर नऊ चौकटी उजळायच्या आणि नऊ म्हातारी माणसं व्यायाम करायची. हे नऊही जण एकाच इमारतीतले. मावशीच्या शेजारच्या घरात निवृत्त मुख्याध्यापिका राहतात, त्यांना सगळे हेडबाई म्हणतात. त्यांचं ‘एक, दोन’ आधी भिंतीतून ऐकू यायचं आणि मग फोनमधून.

“अहो हेडबाई, दारं उघडून व्हरांड्यातच करू की,” मावशी एकदा फोनवर म्हणाली.

“तसं केलेलं हजेरीत धरत नाहीत,” भिंत म्हणाली, आणि पाठोपाठ फोनही तेच म्हणाला.

व्यायाम ऐन रंगात आला की पडद्यावर प्रश्न यायचा: ‘काल आपण पडलात का?’ खाली हाताएवढं हिरवं ‘होय’, आणि पार तळाशी मुंगीएवढं करडं ‘नाही’. कक्षाचं म्हणणं असं की होकार हा सकारात्मक असतो, म्हणून तो ठळक. एके दिवशी मावशी डाव्या पायावर उभी होती, एक हात ओट्याला, एका हातात फोन. तिचा तोल तसूभर ढळला नाही. अंगठा ढळला.

‘आपण पडला आहात. धीर सोडू नका,’ फोनने कळवलं.

मावशीने तिथल्या तिथे मदतवाहिनीला फोन लावला. पलीकडून एक गोड आवाज आला.

“अगं, मी पडलेली नाही. चुकून दाबलं गेलं.”

“आजी, पडलेली माणसं असंच म्हणतात. आमच्याकडे त्याला नकाराचा टप्पा म्हणतात. कुठे लागलंय?”

“कुठेच नाही.”

“मग मुका मार लिहिते.”

“मुका नाही आणि बोलकाही नाही. मी एका पायावर उभी राहून तुझ्याशी बोलतेय.”

“दुसऱ्या पायाला काय झालं?”

मावशीने दुसरा पाय खाली टेकवला आणि विचारलं की ही नोंद खोडायची कशी. खोडता येत नाही, पडलेला माणूस फक्त उठू शकतो, असं उत्तर मिळालं. उठल्याची नोंद करायला ‘मार्गदर्शित उत्थान’ नावाची चित्रफीत लावायची. ती सुरू व्हायला दोन्ही खांदे जमिनीला टेकलेले कॅमेऱ्याला दिसावे लागतात.

“म्हणजे न पडल्याचं सिद्ध करायला मी आधी खाली पडू?”

“आजी, चिडू नका. तुमच्याच इमारतीतले तळमजल्यावरचे आजोबा बघा. वर्षभरात एकदाही पडले नाहीत.”

“ते वर्षभर अंथरुणातून उठलेच नाहीत.”

“तेच तर. सातत्य म्हणतात ते याला.”

दुसऱ्या दिवशी मावशीने डोळ्यांत तेल घालून मुंगीएवढं ‘नाही’ दाबलं. तरीही पडलेल्यांची संख्या दोन झाली. मी मदतवाहिनीवर जाब विचारला तेव्हा खुलासा मिळाला. काल जमिनीवर, आजही जमिनीवर, मधल्या काळात माणूस उठला असणारच आणि पुन्हा पडला असणारच. म्हातारं माणूस दिवस-रात्र जमिनीवर पडून राहील आणि आम्ही बघत बसू, इतकी आमची यंत्रणा निर्दय नाही, असं तो गोड आवाज म्हणाला. त्यामुळे मावशी रोज सकाळी आठला पडू लागली. घड्याळ लावून घ्यावं इतक्या नेमाने.

आठव्या दिवशी पत्र आलं. वीस वेळा पडलेली व्यक्ती ‘एकल निवासास अपात्र’ ठरते. घराला कुलूप, किल्ली कक्षाकडे, व्यक्ती देखरेख निवासात. एका खोलीत चार खाटा. शिलाई मशीन नेता येणार नाही, कारण मशीनला सुई असते. खाली अटीचा क्रमांक दिला होता आणि ती कुणी मान्य केली त्याचं नाव. माझं.

मावशीने पत्र वाचलं आणि मशीनवर कपडा ठेवला. “या मशीनवर मी दोन बहिणींची लग्नं केली. तुझ्या आईचंही,” ती म्हणाली. “चार खाटांच्या खोलीत मी काय शिवू, तोंड?”

नवव्या दिवशी कक्षाचा तपासनीस आला. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. दार मावशीनेच उघडलं. त्याने तिच्या खांद्यावरून आत डोकावून पाहिलं.

“आजी कुठे आहेत?”

“मीच.”

“नाही, पडलेल्या आजी.”

“त्याही मीच म्हणे.”

त्याने टॅबकडे पाहिलं, मावशीकडे पाहिलं, पुन्हा टॅबकडे पाहिलं. विश्वास शेवटी टॅबवर बसला. “पण तुम्ही तर उभ्या आहात.”

“आडवी असते तर दार कुणी उघडलं असतं?”

त्याच्या फॉर्मवर पहिलाच प्रश्न होता: ज्येष्ठ कोणत्या खोलीत पडून आहेत? स्वयंपाकघर, बाथरूम, झोपायची खोली. ‘दारात उभ्या’ असा पर्याय नव्हता आणि उत्तर दिल्याशिवाय पान पुढे सरकत नव्हतं. माणूस वाईट नव्हता. तो काकुळतीला आला.

“एक काम करू. दोन मिनिटं आडव्या व्हा. मी फोटो काढतो आणि विषय मिटवतो.”

“चौऱ्याहत्तर वर्षं जे केलं नाही ते तुझ्या फोटोसाठी करू? तूच हो आडवा, मी काढते.”

निदान खोलीचा तरी फोटो हवा, म्हणून तो आत आला आणि टॅब डोळ्यांपुढे धरून मागे मागे सरकू लागला. मागे स्वयंपाकघराचा उंबरठा होता. पुढच्या क्षणी साहेबांचा तपासनीस माझ्या मावशीच्या घरात चारी मुंड्या चीत.

“हलू नकोस,” मावशी म्हणाली. “आधी कुठे दुखतंय ते बघ. आता कुशीवर वळ. गुडघे टेकव. ही खुर्ची धर. घाई नाही, सावकाश.”

उठून बसल्यावर त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. “आजी, तुम्ही काय छान उठवता. आम्हाला प्रशिक्षणात नुसता फॉर्म शिकवला.”

“मग लिही की त्यात. मी पडलो म्हणून.”

“माझं वय एकतीस. मला पडायची सोय नाही.”

सोय नव्हती, पण टॅबला धक्का ओळखण्याचं यंत्र होतं. त्याने पडल्याची वेळ आणि पत्ता इमानदारीत कक्षाला कळवला. त्या पत्त्यावर नोंदलेली व्यक्ती एकच. त्या घरात आजवर एकच माणूस खरोखर पडलं, आणि तेसुद्धा मावशीच्या नावावर चढलं. नवव्या दिवशी दहा.

तेराव्या दिवशी आकडा चौदावर गेला तेव्हा मावशीने हार पत्करली. मी माझं दुकान बंद करून गेलो. तिने केर काढला, अस्तराचं कापड पसरलं आणि पाठ टेकली. छताकडे बघत म्हणाली, “जाळ्या झाल्यात की रे वर. इथून दिसतात.”

मी फोन धरला आणि ‘मार्गदर्शित उत्थान’ लावलं. पडद्यावर हसरा तरुण आला. घाबरू नका, आपण एकटे नाही, म्हणाला. मावशी कुशीवर वळली. मग तळहात आणि गुडघे टेकून ओणवी झाली. तेवढ्यात तरुण हसता हसता गोठला आणि त्याच्या नाकावर एक चक्र फिरू लागलं. ‘संपर्क क्षीण आहे. पुढील सूचनेपर्यंत आहे त्या स्थितीत राहावे.’

दहा मिनिटं गेली. एक गिऱ्हाईक शर्ट न्यायला आलं.

“मावशी, काही हरवलंय का?”

“संपर्क हरवलाय. तुझा शर्ट खुंटीला आहे, बाह्या अर्धा इंच आखूड केल्यात. दार ओढून घे.”

विसाव्या मिनिटाला मावशी खुर्चीसुद्धा न धरता सरळ उभी राहिली आणि तिने गुडघे झटकले. फोन तत्काळ जागा झाला: ‘मार्गदर्शनाविना उत्थान. दोन पतने.’

“दोन कशी?” मी मदतवाहिनीला विचारलं.

“एक खाली होत्या त्याचं. आणि न विचारता उठलेलं माणूस पुढे पडतंच, त्याचं एक आगाऊ.”

सोळा.

मावशीने फोन पिठाच्या डब्यावर पालथा घातला, बाहेर गेली आणि हेडबाईंचं दार ठोठावलं. दार उघडलं. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. वर्षभर रोजची भेट, पण चौकटीतली.

“अगंबाई, तुम्ही चांगल्या उंच आहात हो,” हेडबाई म्हणाल्या.

“आणि तुम्हाला पाय आहेत,” मावशी म्हणाली.

आज सकाळी आठला नऊच्या नऊ जण दुसऱ्या मजल्याच्या व्हरांड्यात जमले, फोन घरात ठेवून. एका रांगेत, एक हात भिंतीला, एक पाय वर. वरच्या मजल्यावरचे ड्रायव्हरकाका जन्मभर बस चालवून निवृत्त झालेले. ते म्हणाले, “आता भिंत सोडा. बघू ब्रेक कुणाचा लागतो.” नऊ जण हसताहेत, डुलताहेत, एकमेकांच्या खांद्याला धरताहेत, आणि पडत कुणीच नाही. आत नऊ फोन कोकलत होते. कुणी ढुंकून पाहिलं नाही.

सव्वाआठला नऊच्या नऊ जण पडले. कक्षाचा नियम आहे: निरुत्तर ज्येष्ठ हा पडलेला समजावा. मावशी सतरा.

मी कागदावर लिहून घेतलं, ‘आम्ही मावशींना आज सकाळी प्रत्यक्ष उभं पाहिलं,’ त्यावर आठ सह्या घेतल्या आणि साहेब, तडक तुमच्या कार्यालयात आलो. खिडकीतल्या कारकुनाने आठही नावं पडद्यावर तपासली.

“हे सगळे आज सकाळी पडलेले आहेत.”

“मग?”

“जमिनीवरून माणसाला दुसऱ्याचे फक्त पाय दिसतात. नुसते पाय पाहून अख्खी व्यक्ती उभी आहे असं प्रमाणित करता येत नाही.”

“मी पाहिलंय. माझी सही घ्या.”

“तुम्ही जवळची व्यक्ती. जवळून नीट दिसत नाही.”

“मग साहेबांना पाठवा. त्यांना म्हणावं, या आणि बघा.”

“साहेब ऑनलाइन असतात.”

त्याने मला नियम काढून दाखवला. साक्षीदार कक्षाच्या ज्येष्ठांच्या यादीबाहेरचा हवा, नात्यातला नको, आणि त्याने जिना चढून, घरी येऊन, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं हवं. अशी सही आणली तर सगळी पतनं रद्द. आजवर किती जणांनी आणली, असं मी विचारलं. त्याने पडद्यावर बराच वेळ शोधलं आणि रकाना रिकामा आहे म्हणाला.

आज मंगळवार. शुक्रवारी सकाळी आठला मावशी विसाव्यांदा पडणार. मी भविष्य सांगत नाही, तुमचं वेळापत्रक सांगतोय. ती आत्ता मशीनवर बसली आहे. गिऱ्हाइकांचे कपडे शुक्रवारच्या आत संपवायचे म्हणते.

साहेब, तुम्ही उत्तर देणार नाही हे मला ठाऊक आहे. म्हणून हा कागद मी सगळ्यांसमोर ठेवतोय. तर वाचक महाशय, आता तुम्ही. तुम्ही यादीत नाही, आमच्या नात्यातले नाही, आणि इथवर वाचलंत म्हणजे डोळे शाबूत आहेत. वाचताना हसलात, मान डोलावलीत, व्यवस्थेला दोन शिव्याही घातल्या असतील. छान. आता जिने दोनच आहेत. दार मावशीच उघडेल, उभ्याने. पाहायचं आणि सही करायची, याला पाच मिनिटं पुरतात. गप्प बसलात तर कक्षाच्या नियमाने तुम्हीही जमिनीवर, आणि कक्षाची तेवढी एकच नोंद बरोबर असेल.

शुक्रवारच्या आत येताय की नाही?