लाल टॅगवाले साळवेकाका

महापौरांच्या गाडीच्या आरशाला लाल टॅग बांधणारा माणूस आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहतो. नाव यशवंत साळवे. चाकणच्या एका कारखान्यात ते आयुष्यभर इन्स्पेक्शनला होते. कारखान्यात लाल टॅग म्हणजे रिजेक्ट, पिवळा म्हणजे थांबवून ठेवा, हिरवा म्हणजे पास. काका निवृत्त झाले, टॅग झाले नाहीत.

त्यांच्या रेक्झिनच्या पिशवीत तिन्ही रंगांचे गठ्ठे, सुतळी आणि स्टीलची पट्टी असते. गटाराचं झाकण हललं, लाल. बसस्टॉपला छप्पर नाही, लाल. एकदा त्यांनी आमच्या लिफ्टला पिवळा बांधला. मी भोसरीत एका कंपनीचं स्टोअर सांभाळते, त्यामुळे पिवळा टॅग दिसला की माझा हात आपोआप थांबतो. चार मजले जिन्याने चढले आणि मग सोसायटीची सेक्रेटरी म्हणून त्यांना जाब विचारला. हिरवा टॅग बांधलेला मी अजून पाहिलेला नाही. माझ्या पोह्यांनाही पिवळाच मिळाला. "मीठ बघा, सेक्रेटरीबाई."

त्यांचं दुसरं वेड म्हणजे "माप दाखवा". डॉक्टर म्हणाले बीपी ठीक आहे, की काका म्हणणार, "माप दाखवा." शेजारणीने भाचीसाठी आलेला मुलगा उंच आहे म्हटलं, तिलाही तेच. बायको गेलेली, मुलगी नाशिकला. घरात अडवायला कोणी नाही, म्हणून हा माणूस गावभर मोजत सुटतो, असं मी म्हणत असे.

आमची घरं महापालिकेच्या सोडतीतली. पिंपरीच्या जुन्या वस्तीतून आम्ही मोशीच्या या टोकाला आलो. चाव्या देताना महापौरबाईंनी माइकवर सांगितलं होतं, "चावीच्या मागोमाग बस येईल." काकांनी ते वाक्य तिथल्या तिथे पिवळ्या टॅगवर उतरवून घेतलं. वर्षभराने बाई पुन्हा आल्या, बस आलेली नव्हती. तेव्हाच तो आरशाला लाल टॅग लागला. "दोष: बस नाही. जबाबदार: महापौर."

पुढे कधीतरी बस आली. पण सकाळची पहिली फेरी सात दहाला. तिसऱ्या मजल्यावरची शोभा चाकणला पॅकिंगला जाते. तिच्या कंपनीची गाडी मोशी चौकातून सव्वासहाला सुटते. म्हणजे आमच्या बसचा तिला काहीच उपयोग नाही. ती आणि आणखी बऱ्याच जणी अंधारात, खडीच्या डंपरांच्या कडेने चौकापर्यंत चालत जातात.

गेल्या महिन्यात स्टॉपवर कागद लागला: प्रवासी नाहीत, एक तारखेपासून बस बंद. त्याच आठवड्यात महापौरबाई दुसऱ्या टप्प्याच्या इमारतींच्या भूमिपूजनाला येणार होत्या.

मी काकांना बजावलं, "गाडीला हात लावायचा नाही. प्रश्न विचारायचा आणि खाली बसायचं."

"माप मागणार," ते म्हणाले.

मांडवात काका पहिल्या रांगेत. बाईंनी त्यांना ओळखलं आणि कपाळाला आठी घातली. भाषण संपायच्या आत काका उभे राहिले.

"मॅडम, चावीच्या मागोमाग बस म्हणाला होतात. आता बसच्या मागोमाग काय? आम्ही?"

"ओ काका, बसा ना राव खाली," एक कार्यकर्ता ओरडला.

"उभ्यानंच बरंय भाऊ. तुमच्या स्टॉपला बाक नाही, सवय झालीय."

लोक हसले. बाई हसल्या नाहीत. "काका, मी भूमिपूजनाला आलेय, कोर्टात नाही." त्यांनी बसच्या अधिकाऱ्याला खूण केली. अधिकारी उठला, कागद उलगडला.

"बस रिकामी धावते. आणि जे थोडे प्रवासी दिसतात त्यातही घोळ आहे. रोज सकाळी पहिल्या फेरीला इथून एक जण दोन तिकिटं काढतो आणि एकटाच बसतो. कंडक्टरने नाव सांगितलंय." त्याने काकांकडे बोट केलं. "आकडा फुगवायचा, म्हणजे बस चालू राहते. हे तुमचं माप!"

गावभर मोजणाऱ्या माणसाचं स्वतःचंच माप खोटं? त्याच्या जोरावर आम्ही सगळे तिथे बसलो होतो.

"खरं आहे का, काका?" बाईंनी विचारलं. आवाज आता मऊ होता, म्हणजे जास्त धोक्याचा.

"खरं आहे."

"मग दुसरा प्रवासी कुठे असतो?"

काकांनी पिशवी जवळ ओढली. "नसतो," ते म्हणाले.

मग त्यांनी पिशवीतून लाल टॅग काढला, गुडघ्यावर ठेवून लिहिला आणि स्वतःच्या शर्टाच्या बटणाला बांधला. मी शेजारीच होते. "दोष: तिकीट जास्त. जबाबदार: स्वतः." गाठ नीट मारली.

"माझा माल रिजेक्ट. वजा करा," ते म्हणाले. "आता तुमचं बघू. कारखान्यात माप घेण्याआधी मापाचं यंत्र तपासतात. इथल्या बायका सहाच्या आत निघतात. तुम्ही प्रवासी मोजता सात दहाला. बाजार उठल्यावर येऊन म्हणता गिऱ्हाईक नाही. साहेब, पावणेसहाला कधी मोजलंत? माप दाखवा."

अधिकारी कागद चाळत राहिला. त्यात ते नव्हतं.

तेवढ्यात शोभा उठली. मांडवात कधी न बोलणारी बाई थेट टेबलाशी गेली आणि घराची चावी महापौरांच्या हारांच्या शेजारी ठेवली. "मॅडम, ही घ्या परत. गेल्या आठवड्यात डंपरनं माझी ओढणी नेली, मला न्यायचा राहिला. नोकरी सोडली तर खाऊ काय, आणि घर सोडलं तर राहू कुठं? तुमीच सांगा."

आणखी तीन चाव्या आल्या. मग मीही माझी ठेवली, स्कूटरच्या चावीसकट. घाईत वेगळी करायला वेळ नव्हता.

बाईंनी चाव्या मोजल्या. शेवटी अधिकाऱ्याला म्हणाल्या, "महिनाभर पहिली बस पाच पन्नासला सोडा. मग मोजा."

"बोलणं नको, लिहून," काका म्हणाले आणि पिवळा टॅग पुढे केला. बाईंनी सही केली आणि चाव्या आमच्याकडे सरकवल्या. पेन परत देताना म्हणाल्या, "आरशाला बांधू नका एवढंच." काकांनी तो स्टॉपच्या खांबाला बांधला.

सोमवारी मी स्कूटर खालीच ठेवली. सोसायटीच्या ग्रुपवर मीच हुकूम सोडला होता: जो जागा असेल त्याने बसमध्ये बसायचं. काका पुढच्या सीटवर कडेला बसले होते, खिडकीकडच्या जागेवर पिशवी. मी त्यांच्या मागे बसले.

कंडक्टरने विचारलं, "काका, आता एकच ना?"

"दोन."

मी तडकलेच. "काका, पुन्हा? महिनाभर माप चालू आहे!"

"दुसरं मोजू नका, असं डेपोत लेखी दिलंय. पोच घेतलीय."

"मग काढता कशाला?"

ते खिडकीबाहेर बघत होते. "सुमनला खिडकी लागते," ते म्हणाले.

सुमनताई, त्यांची बायको. पिंपरीला होतो तेव्हा दर रविवारी विहारात जायच्या, मैत्रिणींचा मोठा गोतावळा होता. इकडे आल्यावर रस्त्याकडे तोंड करून गॅलरीत बसायच्या आणि मी दिसले की विचारायच्या, "सेक्रेटरीबाई, बस कधी हो?" मी दर वेळी सांगायची, "अर्ज दिलाय." बस आली तेव्हा त्यांना जाऊन तीन महिने झाले होते. दोन तिकिटं पहिल्या दिवसापासूनची होती. भर मांडवात लबाड ठरणं या माणसाने पत्करलं, पण ते नाव त्या माइकसमोर काढलं नाही.

बस सुटायच्या आतच भरली. शोभा दारातून धापा टाकत आत आली, इकडेतिकडे पाहिलं आणि काकांच्या पिशवीला हात घातला. "काका, ही घ्या की मांडीवर."

"शोभा, तिथं कुणीतरी बसलंय," मी म्हटलं आणि सरकले. "तू इकडे ये."

काकांनी मागे वळून पाहिलं नाही. घड्याळ पाहिलं आणि कंडक्टरला म्हणाले, "दोन मिनिटं उशीर. लिहून ठेव."