पायी चालणाऱ्या हंसांचं मंडळ

एका जंगलात, खरं तर जंगलाच्याही पार उत्तरेला, एक तळं होतं. तिथे राखाडी रानहंस राहत. त्यांत ग्रीवाजीराव म्हणजे बडं प्रस्थ.

मुलांनो, उन्हाळ्यात हंसांची उडायची पिसं एकदम गळतात. महिनाभर उडता येत नाही. यात लाजण्यासारखं काहीच नाही. पण ग्रीवाजीरावांना लाज वाटली.

टिटवीने विचारलं, "काय राव, हल्ली पायीच?"

"आम्ही उडणं सोडलंय," ग्रीवाजीराव म्हणाले. "तत्त्व म्हणून. उडायचं काय, डासही उडतात!"

पिसं गळालेल्या बाकीच्या हंसांना हे फारच पटलं. लगेच पायी चालणाऱ्या हंसांचं मंडळ निघालं. ग्रीवाजीराव अध्यक्ष झाले.

पुढे पिसं आली. सगळ्यांचीच आली. पण आधी पंख उघडायचे कोणी? भाषण करताना अध्यक्षांचे पंख नुसते शिवशिवत. ते पंख अंगाशी घट्ट दाबून धरत आणि चालण्याचे फायदे सांगत.

थंडी पडली. तळ्याच्या कडेने बर्फ धरू लागला.

"अहो, दक्षिणेला निघायला हवं," त्यांच्या पत्नी मानसाबाई म्हणाल्या. "पोरं गारठलीत. मी त्यांना घेऊन निघते. तुम्ही येताय ना?"

"लोक काय म्हणतील?"

"गोठलात तर काही म्हणायचे नाहीत. हळहळतील."

हंस जन्मात एकदाच जोडी जमवतात. मानसाबाई पोरांना घेऊन उडाल्या, तेव्हा ग्रीवाजीरावांना रडूच आलं. अध्यक्ष असूनही इतकं एकटं वाटतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या सकाळी दाट धुकं पडलं. ग्रीवाजीराव हळूच लव्हाळ्यामागे गेले आणि उडाले. धुक्यात चहूबाजूंनी पंखांची फडफड ऐकू येत होती. त्यांनी सभ्यपणे तिकडे दुर्लक्ष केलं.

दक्षिणेत हरभऱ्याच्या शेताशेजारी एक तळं होतं. ग्रीवाजीराव उतरून पाहतात तो काय, अख्खं मंडळ हजर! सगळे पायांना चिखल लावून लंगडत होते.

"कसे आलात?" त्यांनी विचारलं.

"पायीच. आपण?"

"पायीच की!"

नवरा धडधाकट दिसला आणि मानसाबाईंचा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी अगदी साळसूदपणे विचारलं, "पाय फार दुखत असतील ना हो?"

"तर काय! वाटेत हिमालय लागतो," ग्रीवाजीराव म्हणाले आणि तेही लंगडू लागले.

त्याच संध्याकाळी ते पुन्हा अध्यक्ष झाले. एकमताने.

तात्पर्य : मुलांनो, तत्त्व कधीही सोडू नये. निघताना पुरेसं धुकं आहे ना, तेवढं फक्त बघून घ्यावं.